गड चढण्याआधी वजन उतरवताना

सिंहगडाची आतकरवाडीकडची वाट पायथ्यापासून पुणे दरवाजापर्यंत साधारण सहाशे मीटर चढते. ८० किलोचा माणूस ४ किलोची सॅक पाठीवर घेऊन ही चढण तासाभरात पार करत असेल, तर त्याचं हृदय, फुप्फुसं आणि मांड्या मिळून ८४ किलोचं ओझं तेवढ्या वेळात सहाशे मीटर वर उचलतात. त्याने ८ किलो चरबी उतरवली आणि बाकी काहीही बदललं नाही, व्यायाम तोच, धापही तेवढीच, तरी तो चढ त्याला चौपन्न-पंचावन्न मिनिटांत जमेल. हा शाळेतल्या भौतिकशास्त्राचा हिशेब आहे. मात्र उतरवलेल्या ८ किलोंपैकी ३ किलो मांड्यांचे स्नायू असतील, तर ओझं कमी झालं तसा उचलणाराही अशक्त झाला. मग वजनकाट्यापुढे पेढे वाटावेत आणि खडकाच्या टप्प्यावर पुन्हा तशीच बसकण मारावी, अशी गत होते.

‘दम वाढवायचाय म्हणून वजन कमी करतोय’ असं आपण सहज म्हणतो, तेव्हा त्यात दोन वेगळी कामं असतात. चरबी उतरवण्याचं काम स्वयंपाकघरात, सोमवार ते शनिवार, सावकाश होतं. दम कमावण्याचं काम पायांनी आणि पोटात अन्न असताना होतं. पुष्कळ जण ही दोन्ही कामं एकाच रविवारी, एकाच चढणीवर, उपाशीपोटी उरकायला जातात. निम्म्या वाटेत डोळ्यांपुढे अंधारी येते, कसेबसे वर पोचतात आणि तिथे हाताला लागेल ते खातात. या लेखातल्या बहुतेक सूचना ही दोन कामं वेगळी ठेवण्याबद्दल आहेत.

त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: धाप लागते ती खरंच वजनामुळेच का? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. हिमोग्लोबिन ९ असलेल्या बाईने कमी खाऊन वजन उतरवलं, तर तिचा दम वाढण्याऐवजी आणखी घटेल, कारण स्नायूंपर्यंत प्राणवायू नेणारी वाहतूकच अपुरी आहे. शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरताही नेहमी सापडते. थायरॉईडचं काम मंदावलं असेल तर वजन वाढतं आणि थकवाही येतो. म्हणून जिमची वर्गणी भरण्याआधी हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉईडसाठी टीएसएच आणि साखर एवढ्या तपासण्या करून घ्या. पैसे सत्कारणी लागतील.

दुसरी बाजूही आहे. ‘मी तर काटकुळा, मला काय वजन कमी करायचंय’ म्हणणाऱ्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं उदाहरण लक्षात ठेवावं. त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापं छापली. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनकाट्याच्या लेखी दोघे सारखे, आतला माल वेगळा. आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट तेवढं पुढे, हा बांधा घरोघरी दिसतो. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा बीएमआय २३ आणि लठ्ठपणाची २५ धरतात. पाश्चात्त्य तक्त्यांत हेच आकडे २५ आणि ३० आहेत.

तेव्हा वजनकाट्याइतकाच शिंप्याचा टेप महत्त्वाचा. पोट आत न ओढता, श्वास सोडून, बेंबीच्या पातळीवर घेर मोजा. पुरुषांचा ९० आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत हवा. याहून सोपी खूण म्हणजे कमरेचा घेर उंचीच्या निम्म्याहून कमी असावा. बीएमआय २१ आणि पोट ९६ सेंटिमीटर असलेल्या माणसाने वजन घटवण्याच्या मागे लागूच नये. त्याने स्नायू वाढवावेत, पोट उतरवावं, काट्यावरचा आकडा तोच राहिला तरी बिघडत नाही.

आता स्वयंपाकघर. इथे बरेच जण पोळी आणि भातावर राग काढतात आणि तेलाच्या डब्याकडे पाहतही नाहीत. चौघांच्या घरात महिन्याला ४ लिटर तेल लागत असेल, तर ते माणशी रोज साधारण ३३ मिलिलिटर, म्हणजे २७०-२७५ कॅलरी होतात. त्यातून महिन्याला दीड लिटर वजा केलं की प्रत्येकाच्या रोजच्या शंभर कॅलरी वाचतात, आणि भाजीच्या चवीत फारसा फरक पडत नाही. यासाठी डाएटचा तक्ता लागत नाही. महिन्याचं तेल एकदाच काढून ठेवायचं आणि तेवढंच वापरायचं. फोडणी पळीने घालण्याऐवजी चमच्याने मोजून घालायची. हॉटेलातलं आणि बाहेरून मागवलेलं जेवण या हिशेबाबाहेर राहतं, हे मात्र विसरू नका.

तेलानंतर चहा. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे दूध न धरताच दीडशेच्या वर कॅलरी. मग ऑफिसातलं फरसाण, टीव्हीपुढचा चिवडा, ‘चांगले असतात’ म्हणून खाल्लेले मूठमूठ शेंगदाणे. शेंगदाणे चांगलेच असतात, पण मूठभरात पावणेदोनशे कॅलरी असतात आणि मूठ सहसा एकच राहत नाही. उपासाचंही तसंच. साबुदाणा, बटाटा, तूप आणि दाण्याचं कूट यांची बशीभर खिचडी दोन पोळी-भाजीच्या जेवणाला सहज मागे टाकते. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ हे आपल्या आज्यांनी कॅलरी मोजायला शिकण्याआधीच ओळखलं होतं.

किती कमी करायचं? एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० कॅलरी साठलेल्या असतात. रोज ५०० कॅलरींची तूट ठेवली तर आठवड्याला अर्ध्या किलोच्या आसपास उतरतं. पुढे शरीर हलकं होतं, त्याचा खर्चही घटतो आणि वेग मंदावतो. ज्याला गड चढायचे आहेत त्याने आठवड्याला वजनाच्या अर्धा टक्का एवढाच वेग धरावा, फार तर एक टक्का. ८० किलोच्या माणसासाठी अर्धा टक्का म्हणजे ४०० ग्रॅम झाले. म्हणजे ८ किलोंना साडेचार-पाच महिने. डिसेंबरात हरिश्चंद्रगडाची नळीची वाट करायची असेल तर जुलैतच सुरुवात करावी लागते. दिवाळीचा फराळ संपवून तीन आठवड्यांत ‘फिट’ होण्याचा बेत असेल, तर नळीची वाट पुढच्या वर्षी ठेवा, यंदा एखादा सोपा गड करा.

पहिल्याच आठवड्यात दोन किलो उतरल्याच्या कहाण्या ऐकून हुरळू नका. आपल्या स्नायूंत आणि यकृतात मिळून चार-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन म्हणजे साठवलेली साखर असते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. भात-पोळी एकदम बंद केली की हा साठा आणि त्याचं पाणी निघून जातं. काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो, चरबी मात्र जेमतेम हललेली असते. त्यातली मेख अशी की चढणीवर लागणारं मुख्य इंधन हाच साठा. म्हणजे आनंद झाला तो नेमकं इंधन ओतून टाकल्याचा. वजन रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर करा, पण एका दिवसाच्या आकड्याला भाव देऊ नका. सात दिवसांची सरासरी काढा आणि मागच्या आठवड्याच्या सरासरीशी ताडून पाहा. आदल्या रात्री लोणचं-पापड जास्त झाले तरी काटा किलोभर वर जातो.

कमी खाताना स्नायू वाचवायचे तर प्रथिनं वाढवावी लागतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० सालच्या शिफारशीत निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वजन उतरवणाऱ्या आणि व्यायाम करणाऱ्या माणसाने १.२ ते १.६ ग्रॅम धरावीत. ७० किलोला कमीत कमी ८४ ग्रॅम. आता आपलं नेहमीचं ताट बघा: दोन पोळ्या, वाटीभर पातळ वरण, भाजी, थोडा भात. सगळं मिळून पंधरा-सोळा ग्रॅम. दोन वेळचं जेवण, सकाळचे पोहे आणि चहाचं दूध धरूनही चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे गाडी जात नाही. उरलेले चाळीस ग्रॅम मुद्दाम आणावे लागतात. वरणाऐवजी घट्ट डाळ किंवा मटकीची उसळ, दोन अंडी (१२ ग्रॅम), ३० ग्रॅम सोयाबीनच्या वड्या (सुमारे १५ ग्रॅम), १०० ग्रॅम पनीर (सुमारे १८ ग्रॅम), घरचं दही. चिकन किंवा बांगडा खाणाऱ्यांचं काम सोपं आहे, रस्सा आणि तळण यांवर नजर ठेवली म्हणजे झालं. प्रथिनांच्या पावडरीला माझा विरोध नाही, पण आधी उसळ रोज होते का ते बघा. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत.

स्नायू टिकवण्याचा दुसरा अर्धा भाग पायांकडे आहे, आणि त्यासाठी आपल्या तालमींनी दिलेल्या बैठकांना तोड नाही. एकदम पन्नास मारून दोन दिवस जिना उतरता न येण्यापेक्षा दहा-दहाच्या तीन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस, अशी सुरुवात करा. गुडघे कुरकुरत असतील तर खुर्चीवर बसायचं आणि हात न टेकता उठायचं, तेवढंही पुरे. सोबत जिन्याच्या पायरीवर एका पायाने चढणं आणि तितक्याच सावकाश उतरणं, पोटऱ्यांसाठी चवड्यांवर उभं राहणं, आणि जमतील तेवढे जोर. जोर कशाला, चढतात तर पाय, असं वाटेल. कातळटप्प्यावर हात टेकून अंग वर खेचावं लागलं की उत्तर मिळतं.

बाकी दिवशी चाला. वेग कसा ठेवायचा यासाठी घड्याळ लागत नाही. शेजाऱ्याशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, तोच बरोबर वेग. दम वाढण्याचं बरंचसं काम या कंटाळवाण्या वेगातच होतं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगते. ट्रेकरने यात आठवड्यातून एक खडी चढण घालावी. पुण्यात पर्वती किंवा सिंहगड, साताऱ्यात अजिंक्यतारा, नाशकात पांडवलेणी. जवळ टेकडी नसलेल्यांनी इमारतीचा जिना वापरावा. लिफ्टची वाट पाहणारे तुमच्याकडे विचित्र नजरेने बघतील, बघू देत.

प्रगती मोजायची ती इथेच. एकच चढण किंवा ठरावीक मजले निवडा, महिन्यातून एकदा त्याच सॅकसह चढा, वेळ लिहा. काटा खाली आला आणि वेळही कमी झाला, तर सगळं सुरळीत आहे. काटा खाली आला आणि वेळ तोच राहिला किंवा वाढला, तर तुम्ही स्नायू गमावताय, कमी खाताय किंवा कमी झोपताय. अशा वेळी दोन आठवडे वजन उतरवणं थांबवा आणि पोटभर जेवा. पाच-साडेपाच तासांच्या झोपेवर भूक भलतीच वाढते आणि व्यायामाचा फायदा अंगी लागत नाही, त्यामुळे पहाटे चारचा गजर लावणाऱ्यांनी रात्री अकराची मालिका सोडलेली बरी.

आता प्रत्यक्ष गडाचा दिवस. या दिवशी वजन उतरवण्याचा विचारही करायचा नाही. मोठ्या ट्रेकच्या आधीचे दहा-बारा दिवस कॅलरींची तूट बंद, आदल्या रात्री भात किंवा पोळ्या नेहमीपेक्षा थोड्या जास्त, सकाळी निघण्याआधी पोहे, उपमा किंवा केळं आणि दूध. दिवसातून दोनदाच जेवण्याचा, डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर लोकप्रिय केलेला परिपाठ ज्यांना मानवला आहे त्यांनी तो जरूर पाळावा. पण सहा-सात तास चालायचं असेल त्या दिवशी त्याला सुट्टी द्यावी. दीड-दोन तासांहून लांबच्या चढाईत दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, गूळ, गुळपोळी हे आपल्याकडचे पदार्थ या कामाला उत्तम आहेत. महागडी जेलची पाकिटं आणून त्यांची रिकामी वेष्टणं गडावर टाकणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

पाण्याचं गणितही वजनकाट्यानेच सुटतं. एखाद्या सरावाच्या दिवशी निघण्याआधी आणि परतल्यावर, घामाचे कपडे काढून, वजन करा. जेवढं घटलं तेवढा जवळपास घाम, किलोमागे एक लिटर. त्यात वाटेत प्यायलेलं पाणी मिळवलं की तुमचा एकूण घाम कळतो. वजनाच्या दोन टक्क्यांहून जास्त पाणी गेलं की दम स्पष्ट घटतो. ८० किलोच्या माणसाला ही मर्यादा १ किलो ६०० ग्रॅमवर लागते. मार्च-एप्रिलच्या उन्हात ती लवकर गाठली जाते. नुसतं पाणी ढोसत राहू नका, सोबत मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत किंवा ताक असू द्या. परतल्यावर काट्यावर दिसणारी घट ही चरबी नाही. दोन तांबे पाण्यात ती परत येते आणि यायलाच हवी.

आणि वर पोचल्यावरचं पिठलं-भाकरी? खाऊ नका असं सांगण्याचं पाप मी करणार नाही. फक्त हिशेब माहीत असावा. सिंहगडाच्या चढणीला आपल्या ८० किलोंच्या माणसाच्या साधारण पाचशे कॅलरी खर्च होतात. दोन भाकऱ्या, पिठलं, बशीभर कांदाभजी आणि मडक्यातलं दही यांची बेरीज हजाराच्या घरात जाते. दर रविवारी सिंहगड करूनही वजन का हलत नाही, हे कोडं पडलेल्यांना उत्तर तिथेच मिळेल. भजी सोडा आणि भाकरी, पिठलं, दही ठेवा, ही माझी तडजोड आहे.

उतरणीकडे लोक फार दुर्लक्ष करतात, आणि गुडघे जातात ते उतरताना. जादा वजन असलेल्या, गुडघ्यांची झीज झालेल्या ज्येष्ठांवर अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात वजन एका किलोने उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटला. तीन हजार पावलांच्या उताराला हे गुणून बघा. पाच किलो उतरल्याचा फायदा चढताना धाप कमी लागण्यात जेवढा दिसतो, त्याहून जास्त दुसऱ्या दिवशी सोमवारी जिना उतरताना कळतो. तोवर पावलं आखूड टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा, काठी घ्या. काठी म्हाताऱ्यांची, ही समजूत पायथ्याशीच सोडून या.

काहींनी जास्त जपायला हवं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी आहार कमी करण्याआधी आणि मोठ्या चढाईआधी डोस डॉक्टरांशी बोलून ठरवावा, नाहीतर साखर एकाएकी खाली जाऊ शकते. चाळिशी ओलांडलेल्या, वर्षानुवर्षं खुर्चीत बसलेल्यांनी रक्तदाब आणि हृदय तपासून घ्यावं. चढताना छातीवर दाब, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, विचित्र घाम आला तर ‘अॅसिडिटी असेल’ म्हणून पुढे रेटू नये. तिथेच थांबावं, मदत मागवावी. कमी खाणं आणि जास्त धावपळ यांत ज्या मुलींची पाळी लांबते किंवा बंद होते, त्यांचं शरीर उपासमार सांगत असतं. पुढे हाडांवर परिणाम होतो, त्यामुळे तिथे वजन वाढवणं हाच उपचार. २०२५ पासून भारतात मिळू लागलेली वजन घटवणारी इंजेक्शनं घेणाऱ्यांची भूक इतकी मरते की प्रथिनंही पोटात जात नाहीत आणि चरबीबरोबर स्नायूही उतरतात. त्यांनी उसळ, अंडी आणि बैठका यांत हयगय करूच नये.

ठरलेलं वजन गाठल्यावर तूट बंद करा आणि जेवण हळूहळू, आठवड्याला शंभर-दीडशे कॅलरींनी वाढवत जा, काटा स्थिर होईपर्यंत. मग दोन किलोंचा पट्टा ठरवा. सरासरी पट्ट्याबाहेर गेली की तेलाचं माप आणि चहाची साखर पुन्हा बघा. वर्षभर ‘डायटवर’ असणाऱ्याचा दम वाढत नाही, तो नुसता चिडचिडा होतो.

शेवटी पाठीवरची सॅक. शरीरावरचे दोन किलो उतरवायला महिना-सव्वा महिना लागतो, सॅकमधले दोन किलो आदल्या रात्री दहा मिनिटांत उतरतात. एकदा भरलेली सॅक काट्यावर ठेवा. न वापरलेला कॅमेऱ्याचा स्टँड, दुसरं जॅकेट, काचेच्या बरणीतलं लोणचं, चौघांसाठी चार टॉर्च आणि चार चाकू असं काय काय निघतं. ग्रुपमध्ये सामान वाटून घ्या. पाणी मात्र कमी करू नका: वाटेत भरवशाचं टाकं नसेल तर माणशी तीन लिटर, म्हणजे तीन किलो, निमूटपणे उचलायचे.